बाराजणांचा मळा

साडेपाचशे जातकं आपल्याला तोंडपाठ आहेत. म्हणजे ही एक. आणि हिच्यातल्या राजाचं नाव काही केल्या आठवत नाही. राजाचं तसं हिच्यात कामही नाही. तर तो कुणीसा राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व एका खेड्यात माळ्याच्या घरी जन्मला. नाव पिंगल. म्हातारा झाला तरी थट्टेची खोड गेली नव्हती.

दोन वर्षं पाऊस नव्हता. गावात बारा चुली उरल्या होत्या आणि एका विहिरीत गुडघाभर पाणी. उत्पला नावाच्या विधवा कुंभारणीकडे राखेत ठेवलेलं मूठभर भोपळ्याचं बी होतं. भाजून खाल्लं तर एक दिवस सरला असता. त्यापुढचं तिला काही दिसत नव्हतं.

पिंगलने सगळ्यांना जमवलं. "बारा परसांत बारा वेल जळले. आता एकच मळा करू. असेल ते बी आणा, येईल ते बाराजणांत वाटू."

पीक सगळ्यांचं ठरलं, तरी विहिरीजवळचा वाफा ज्याला त्याला आपलाच हवा. मळ्यात अजून कोंब नव्हता, भांडण मात्र तरारून आलं. शेवटी काड्या ओढल्या. पहिला वाफा पिंगलला, बारावा उत्पलेला. तिथवर पाणी पोचणार नाही हे तिला कळत होतं. बी पदरात घट्ट धरून ती घरी निघाली.

"पोरी, वाफा बदलतेस का?" पिंगल म्हणाला. "विहिरीजवळ मला बेडकांचा त्रास होतो."

"बेडूक कधीच मेले, आजोबा."

"मग त्यांच्या आठवणीने रडू येतं. घे."

तिने पेरलं. पण पाटाची मातीच तहानलेली. पाणी चौथ्या वाफ्याशी संपायचं. पलीकडचं बी मातीतच मेलं, मग अलीकडचंही. उत्पलेचा एक वेल तेवढा राहिला. एकेक चूल गाव सोडून गेली. विहिरीचा चिखल झाला. पिंगल आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी वेलाला घालायचा आणि म्हणायचा, "मला मेलं लहानपणापासून पाणी आवडतच नाही." वेलाला फूल आलं, त्या सकाळी तो उठला नाही.

एवढं सांगून शास्ते, म्हणजे त्या बोधिसत्त्वाचे पुढे झालेले बुद्ध, म्हणाले, "तो माळी मीच होतो. ती कुंभारीण म्हणजे इथे विहारात भाजी निवडत बसलेली ही उपासिका. स्वतःच्या तहानेतून दिलं, ते दान."

उपासिकेने मान वर केली नाही.

"भोपळा बाराजणांत वाटायचं ठरलं होतं, भन्ते," ती म्हणाली. "तो पिकला तेव्हा गावात मी एकटीच होते."