पितरात मांडलेल्या गोधड्या

“...ते समदं खरं आक्का, पन दिवाळीला मुंबईला मी एकटी जाऊ का नको, तेवढं सांगा की.”

भामाक्का सुईत दोरा ओवत होत्या. तो ओवून झाल्यावर त्यांनी दुसरी सुई घेतली.

“आधी पितरं तर सरू दे,” त्या म्हणाल्या.

माण तालुक्यातल्या त्यांच्या गावात गोधड्या शिवणाऱ्या बायकांत भामाक्कांचा शब्द शेवटचा. कुणाची गोधडी बाजारात जाईल, कुणाची उसवून पुन्हा शिवायची आणि प्रदर्शनाला कोण बसेल, हे त्याच ठरवायच्या. मालन त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा होता, आणि हे तिला जरा जास्तच चांगलं माहीत होतं.

दिवाळीच्या मुंबईच्या प्रदर्शनाला आजवर भामाक्का स्वतः जात. यंदा त्यांचे गुडघे नाही म्हणाले. म्हणजे दुसरं कुणीतरी जाणार होतं, आणि मालनला आपल्याखेरीज दुसरं कुणी दिसतच नव्हतं.

पण भामाक्कांनी तिला मुंबईचं काही न सांगता साताऱ्याला आणून बसवलं होतं. तेही पितृपंधरवड्यात.

पितरात लग्नं नसतात, म्हणून मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं. ते स्वस्तात मिळतं, म्हणून तिथं कुणीतरी हस्तकलेचं प्रदर्शन भरवतं. आणि पितरं असतात, म्हणून तिथं कुणी काही विकत घेत नाही. सगळं कसं चोख जमलेलं होतं. शेजारचा लाकडी खेळणीवाला आपल्या बैलगाड्यांमागे घोरत होता. समोरचा वेताच्या खुर्च्यांवाला स्वतःच्याच खुर्च्यांवर आलटून पालटून बसत होता.

लोक यायचे ते पंख्याच्या वाऱ्याला. गोधडीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “छान आहे हो. पण पितरं चाललीत ना... आता नवं नको.”

“आक्का, समदं जग दिवाळीत इकतं. तुमी दरसाल पितरात हितं कशाला येता?”

“बसायला.”

“बसायला घर न्हवतं व्हय?”

भामाक्का खुदकन हसल्या.

मालनने मग स्वतःच उत्तर शोधलं. ही परीक्षा आहे. पितरात जी विकेल, ती मुंबईत डोळे झाकून विकेल. आक्कांना तेच बघायचंय. तिनं पदर खोचला.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त वकील होते. “नवं नको,” असं ते म्हणेपर्यंत मालनने गोधडी त्यांच्या हातात दिलीसुद्धा.

“ही नवी कुठं हाय, काका? जुन्या लुगड्यांची हाय. नव्याला दोष, जुन्याला कसला दोष?”

वकील मोठ्याने हसले. “कोर्टात असतीस तर नाव काढलं असतंस,” म्हणाले आणि गोधडी घेऊन गेले.

खेळणीवाला जागा झाला. मालनने आक्कांकडे बघितलं.

“बघितलंसा?”

“हं.”

तेवढंच...

दुपारी इंगवले काकू आल्या. त्यांना नातू झाला होता. बाळंतीण माहेरी होती, बारसं पितरं संपल्यावर होतं. काकूंनी एक छोटी गोधडी उचलली. मधोमध निळ्या इरकलीचा चौकोन, भोवती पिवळं, कडेला हिरवं.

“गोड आहे. पण पितरात...”

“काकू, बाळाला नवं कोन घालतं? पयलं अंगाला लागतं ते आजीचं जुनंच की.”

काकूंना ते पटलं. त्यांनी गोधडी गालाला लावून बघितली. पिशवी उघडली. आणि मध्येच थांबल्या.

“ही लुगडी कुणाची गं?”

“आमच्या गावातल्या बायकांची.”

“गेलेल्या बाईचं नाही ना यात काही? नाही म्हणजे... दिवस कसले चाललेत बघतेस ना.”

“छ्या! समद्या जित्या हाईत,” मालन म्हणाली. “ठणठणीत.”

काकूंनी सुटकेचा श्वास सोडला.

भामाक्का पुढं वाकल्या. त्यांनी त्या निळ्या चौकोनावर हात ठेवला आणि अगदी सहज विचारलं,

“मालन, धोंडाई कशी हाय गं आता?”

मालनचा हात घडीवरच राहिला.

पंखा करकरत होता... खुर्च्यांवाला यांच्याकडेच बघत होता.

“धोंडाई कोण?” काकूंनी विचारलं.

मालनने आक्कांकडे बघितलं. आक्कांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्या बघत होत्या.

“हे निळं लुगडं तिचं,” मालन म्हणाली. “ती... चैतात गेली.”

काकूंनी गोधडी चटका बसल्यासारखी खाली ठेवली. “अगं बाई!” म्हणाल्या आणि पिशवी सावरत निघून गेल्या. दारापर्यंत जाताना त्यांनी दोघीतिघींना थांबवून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, ते सांगायला नको.

मालन फणफणली. “इकली हुती आक्का! हातात पैसं यायचं तेवढं ऱ्हायलं हुतं. तुमीच मोडलंत.”

“मी काय क्येलं? धोंडी कशी हाय, एवढंच इचारलं.”

“ती मेलीया, तुमाला म्हाईत न्हाई?”

“मला म्हाईत हाय. तुला म्हाईत हाय का, ते बघत हुते.”

आक्का पुन्हा सुयांकडे वळल्या.

मालनने ती छोटी गोधडी मांडीवर ओढली. धोंडाई शिवायला तिच्या शेजारीच बसायची. टाके वाकडे घालायची, गाणं त्याहून वाकडं म्हणायची आणि सुई टोचली की सुईच्या आईचा उद्धार करायची. आजारपणात तिला मालननेच पेज भरवली होती. एक गोधडी खपवायला मी तिला पुन्हा उठवून बसवली, असं मालनच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एका बाईने त्याच छोट्या गोधडीचा भाव विचारला. मालनने भाव सांगितलाच नाही.

“आधी ऐका. ह्यात तीन बायका हाईत,” ती म्हणाली. “निळी धोंडाई. ती चैतात गेली. हिरवी तिची जाऊ, दोघी जन्मभर भांडल्या, हितं मातुर मी त्यांला शेजारी शेजारी शिवलंया. आन् ही पिवळी...”

ती अडखळली.

“आक्का, पिवळी कुनाची ओ?”

“पारूची. लेकाच्या लग्नात नेसलेली. वरातीत मशालीची ठिनगी पडली, ही बघ तिथं.”

मालनने वाकून बघितलं. ती गोधडी तिने स्वतः शिवली होती, आणि ते भोक तिच्याच कणीएवढ्या टाक्यांखाली होतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

मग तिला राहवेना. तिने दुसरी गोधडी ओढली. “आन् ही जांभळी? हे काठ कुनाचं? हा चौकटीचा तुकडा तर बाप्याचा सदरा दिसतोय...”

आक्का सांगत गेल्या. काही त्यांनाही आठवेनात. बाई उभी राहून ऐकत होती, मग खुर्च्यांवाल्याच्या खुर्चीवर बसून ऐकू लागली. दुसरी आली, तिसरी आली. एकीने स्वतःच्या आजीच्या गोधडीचं सांगितलं, ती सांगता सांगता रडली आणि नाक पुसून निघून गेली. खेळणीवाला तर दुकान सोडून इथंच येऊन बसला. गोधडी कुणीही घेतली नाही. पितरं होती ना.

शेवटच्या दिवशी, सामान बांधायच्या वेळेला, इंगवले काकू पुन्हा आल्या. काखेत एक गाठोडं होतं.

“तुमच्या धोंडाईची गोधडी मला नको,” त्यांनी आल्या आल्या बजावलं. “अनोळखी बाई तान्ह्या बाळाजवळ कशाला?”

“बरं,” मालन म्हणाली.

काकूंनी गाठोडं सोडलं. आत धुऊन धुऊन विरलेलं, विटकरी रंगाचं नऊवारी होतं.

“हे माझ्या सासूबाईंचं. काल त्यांची तिथ होती. पान वाढताना मनात आलं...” काकू थांबल्या. “खाष्ट होत्या हो. तीस वर्षं मला एक शब्द धड बोलल्या नाहीत. पण लुगडं मऊ आहे.”

मालनने ते दोन्ही हातांनी घेतलं. खरंच मऊ होतं.

“वर लावू का आत घालू?”

“आतच घाला. वर आल्या तर पुन्हा हुकूम सोडतील.”

सगळे हसले. काकूही हसल्या. मग त्यांनी लुगड्याच्या काठावरून एकदा बोट फिरवलं.

“नाहीतर... वरच लावा. पोराला दिसू देत.”

“नाव काय त्यांचं?” मालनने विचारलं.

“अं?”

“सासूबाईंचं. शिवताना बोलायला लागंल.”

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. कितीतरी वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडी आलं नसावं.

“चंद्रभागा,” त्या हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी दोघी एसटीच्या फलाटावर बसल्या होत्या. आणलेलं ओझं जवळपास तसंच परत चाललं होतं. वर ते विटकरी गाठोडं, मालनच्या मांडीवर.

“आक्का.”

“बोल.”

“वकिलाची सोडली तर एकबी इकली न्हाई. ती बी माज्या चावटपनानं.”

“हं.”

“म्हंजे दिवाळीला मी नको... व्हय ना?”

भामाक्का गुडघे चोळत राहिल्या. समोरून गाड्या जात होत्या. त्यांच्या म्हसवडच्या गाडीची पाटी दिसली तशा त्या मालनच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

“दिवाळीला कुनीबी जाईल गं,” त्या म्हणाल्या. “फुडच्या पितरात हितं तू ये. एकटी.”