मुहूर्ताच्या वेळी बाप कुठे होता

फार फार वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक तांबट राहत होता. सकाळ झाली की त्याच्या हातोडीचे ठोके सुरू व्हायचे. त्याने घडवलेले हंडे राजवाड्यात जात तसे गरिबाच्या झोपडीतही जात. हंडा कुठेही जाणार असो, त्यावर एखादा ठोका वाकडा पडला तर तांबट तो हंडा विकायला दारात ठेवत नसे. "लोक नावं ठेवतील," असं म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

त्याला एकच मुलगी होती, सगुणा. ती तीन वर्षांची असताना तिची आई वारली. तांबटाने दुसरं लग्न केलं नाही. त्यानेच तिच्या वेण्या घातल्या, त्यानेच तिला भाकरी थापायला शिकवलं. पहिली काही वर्षं दोघांच्याही भाकऱ्या सारख्याच करपत. दिवस मावळला, हातोडी खाली ठेवली, की दोघं एका ताटात जेवत आणि दिवसभरात काय काय घडलं ते एकमेकांना सांगत. घरात माणसं दोनच, पण शेजाऱ्यांना वाटे, आत दहा जण गप्पा मारताहेत.

सगुणा मोठी झाली. घाटापलीकडच्या एका गावातून तिला मागणी आली. गाव नऊ दिवसांच्या वाटेवर होतं, पण घर चांगलं होतं, मुलगा गुणी होता आणि सगुणेलाही पसंत होता. सुपारी फुटली. दोन महिन्यांनंतरचा मुहूर्त निघाला.

त्या दिवशी ओसरीवर बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "आईवेगळी पोर. लग्नात काय काय राहून जाईल, देव जाणे."

बाई बोलून विसरली. तांबटाने मात्र ते ऐकलं आणि मनात घट्ट धरून ठेवलं. तो स्वतःशी म्हणाला, 'माझ्या सगुणेच्या लग्नात काडीचंही उणं राहता कामा नये. हिला आई नाही, हे कुणाच्या ध्यानातही येता कामा नये.'

बापाने असं म्हणण्यात वाईट काही नव्हतं, मंडळी. वाईट झालं ते त्यापुढे.

दुसऱ्या दिवसापासून तांबट कामाला लागला. मांडव, चुली, पाट, पत्रावळी, वऱ्हाडाला उतरायला जागा, बैलांना वैरण, कुणाला कोणतं पागोटं, कोणाच्या शेजारी कोण बसणार, सगळं त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

त्याचा धाकटा भाऊ आला. म्हणाला, "दादा, मांडवाचं माझ्यावर सोड."

"तू उभारशील रे, पण खांब तिरपे लावशील."

भावजय आली. म्हणाली, "दादा, रुखवत मी करते. सगुणेला काय आवडतं ते मला ठाऊक आहे."

"आवडीचा प्रश्न नाही गं. रीतीत चूक झाली तर नाव माझं जाईल."

दोघं आली तशी परत गेली. शेजारपाजारच्या माणसांनीही एकदोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. मदतीला आलेला माणूस दोनदा मागे फिरला, तर तिसऱ्यांदा येत नसतो.

संध्याकाळी सगुणा ताट वाढून बसे. "बाबा, जेवायला चला."

"तू जेवून घे. मला सुताराकडे जायचंय."

ती वाट पाही. भात गार होई. पंधरा दिवसांनी तिने वाट पाहणं सोडलं आणि ती एकटी जेवू लागली.

एकदा ती म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

"बोलू की. आधी एवढा मांडव उभा राहू दे."

मांडव उभा राहिला. तिने पुन्हा विचारलं.

"आधी एवढी पागोटी येऊ देत, सगुणे."

पागोटीही आली. तोवर तांबटाचं चित्तच ठिकाणावर राहिलं नव्हतं. हळद आणायला गेला की तो मीठ घेऊन येई, आणि मीठ घरात आधीच तीन गोण्या पडलेलं असे. झोप उडाली, अन्न जाईना. ज्याने जन्मात आवाज चढवला नव्हता, तो आचाऱ्याच्या अंगावर ओरडू लागला. एके दुपारी सगुणा पुन्हा जवळ येऊन उभी राहिली, तेव्हा तो तिच्यावरही खेकसला, "हे सगळं कुणासाठी चाललंय? तुझ्यासाठीच ना?"

सगुणा खाली मान घालून म्हणाली, "बाबा, मी यातलं काहीच मागितलं नव्हतं."

ते बोलणं त्याला लागलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. लग्नाला तेव्हा बाराच दिवस उरले होते. त्यातले दोन असे गेले.

गावात एक म्हातारी माळीण होती. मुंडावळ्या तीच गुंफायची. फुलं किती लागतील ते विचारायला ती आली, तर तांबट मांडवात एकटाच उभा राहून बोटांवर काहीतरी मोजत होता आणि पुन्हा पुन्हा चुकत होता. ती त्याच्यासमोर पाटावर बसली.

"अरे, या हातांनी मी सव्वाशे लग्नांच्या मुंडावळ्या गुंफल्या," ती म्हणाली. "ज्यात काही चुकलं नाही असं एकही लग्न पाहिलं नाही. आणि चुकलं म्हणून मोडलं, असंही पाहिलं नाही."

"मग मी करू तरी काय, आजी?"

"मांडव भावाला दे. खांब तिरपा लागला तर लागला, छप्पर काही कुणाच्या डोक्यावर पडत नाही. चूल आचाऱ्याची, तिथे तू डोकावूच नको. रुसणारे चारजण असतातच, त्यांच्यासाठी एखादा गोडबोल्या म्हातारा नेमून टाक. ज्या गोष्टींवाचून लग्न लागतच नाही, त्या आधी उरक. बाकीचं झालं तर झालं. आणि रोज दोन घास पोरीसोबत खा. बाकी सगळ्यांना बदली माणूस मिळतो रे, बापाला मिळत नाही."

तांबटाला ते पटलं. तो म्हणाला, "खरं आहे, आजी. एवढं कार्य पार पडू दे, मग बसतोच तिच्याजवळ निवांत."

"कार्य पार पडल्यावर ती कुठे असेल?" म्हातारीने विचारलं.

तांबट काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात पत्रावळींचा गाडा दारात आला, आणि तो तिकडे धावला.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवाचा एकही खांब तिरपा नव्हता. जोशीबुवांनी पाण्याच्या घंगाळात भोकाची वाटी सोडली. वाटी भरून बुडाली, की मुहूर्त. सगुणा हिरव्या शालूत पाटावर उभी राहिली, समोर अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

इतक्यात कुणीतरी तांबटाच्या कानाशी लागलं. नवऱ्या मुलाचे एक लांबचे काका रुसून नदीवर जाऊन बसले होते. त्यांच्या पागोट्याचा काठ दुसऱ्या काकांच्या पागोट्यापेक्षा अरुंद निघाला होता.

धाकट्या भावाने तांबटाचा हात धरला. "दादा, मी जातो. समजूत काढतो त्यांची. तू इथून हलू नको."

"तुला जमायचं नाही. गालबोट लागेल सगळ्याला. मी हा गेलो आणि हा आलो."

नदीवर काका पाण्यात पाय सोडून बसले होते. तांबटाने हात जोडले, विनवण्या केल्या, शेवटी स्वतःच्या डोक्यावरचं पागोटं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. काका सावकाश उठले, सावकाश धोतर झटकलं. आणि त्याच क्षणी मांडवाच्या दिशेने सनई, चौघडा, ताशे, सगळं एकदम वाजू लागलं.

तांबट बोडक्या डोक्याने धावत सुटला.

तो मांडवात पोहोचला तेव्हा अंतरपाट घडी करून जोशीबुवांच्या खांद्यावर पडला होता. अक्षता जमिनीवर पसरल्या होत्या, आणि माणसं पेढे वाटत होती. जोशीबुवा हळू आवाजात म्हणाले, "वाटी बुडाली हो. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही."

धाकट्या भावाचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, "तिनं दोनदा मागे वळून पाहिलं, दादा."

पुढचे विधी तांबटाने केले. पंगतीत आग्रह केला, मानपान केले. कुणाच्या पानात काही कमी पडलं नाही. अंधार पडायच्या आत घाट चढायचा म्हणून वऱ्हाडाने घाई केली. बैलगाड्या जुंपल्या गेल्या. सगुणा त्याच्या पाया पडली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाबा, आज तरी जेवलात का?"

दोन महिन्यांचं बोलणं त्याला आता एकदम बोलायचं होतं. पण ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, शब्द फुटेना. त्याने नुसती मान हलवली. जेवला तर तो नव्हता. गाड्या हलल्या.

गाव म्हणालं, "असं लग्न पंचक्रोशीत झालं नाही. आईवेगळी पोर, पण बापाने काही उणं पडू दिलं नाही." म्हणजे ती आईवेगळी आहे, हे काही कुणी विसरलं नव्हतं. एक म्हातारा तर असंही म्हणाला, की वरणात मीठ कमी होतं.

तांबट घरात बसून राहिला. शेवटच्या दोन महिन्यांतली सगुणा त्याने आठवून पाहिली. ती कशी हसायची, कुठे बसायची, गप्प गप्प असायची का? त्याला मांडवाचे बावीस खांब आठवले. कोणाचं पागोटं कोणत्या रंगाचं, तेही आठवलं. सगुणा आठवेना. आठवली ती खाली घातलेली मान, आणि ती तर त्याच्याच खेकसण्याने खाली गेली होती.

घाटाची वाट वर्षातला अर्धा काळ बंद असे. पहिल्या वर्षी सगुणेला माहेरी यायला जमलं नाही, दुसऱ्या वर्षी सासू आजारी पडली. तिसऱ्या वर्षी ती आली, कडेवर वर्षाचं लेकरू घेऊन. चार दिवस राहणार होती.

तांबटाने त्या चार दिवसांत हातोडीला हात लावला नाही. पहिल्याच संध्याकाळी त्याने ताट वाढलं, तिच्यासमोर बसला आणि विचारलं, "सगुणे, लग्नाआधी तुला माझ्याशी काय बोलायचं होतं गं?"

सगुणेला आठवायला जरा वेळ लागला.

"भीती वाटत होती, बाबा. एवढ्या लांब जायची. तिथे कुणाशी बोलायचं, चुकलं तर कुणाला सांगायचं, काही कळत नव्हतं. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून एकदा पोटभर रडायचं होतं. एवढंच."

"मग आता बोल ना. रड. मी बसलोय बघ."

सगुणा हसली. तिने पदराने त्याचे डोळे पुसले. "आता नाही हो भीती वाटत," ती म्हणाली. "रडले मी तेव्हा. तिकडे गेल्यावर, एकटीच. मग हळूहळू सवय झाली."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तांबटाने तो सोसला असता, माफी मागितली असती, काहीतरी करता आलं असतं. तिने तर केव्हाच सगळं मनातून काढून टाकलं होतं. लेकरू रडू लागलं, म्हणून ती उठून आत गेली. गार होणाऱ्या भाताकडे बघत तांबट बसून राहिला.

चार दिवसांनी ती गेली.

पुढे एक विणकर तांबटाकडे आला. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. म्हणाला, "तुमच्या घरचं कार्य अजून लोकांच्या तोंडी आहे. एवढं सगळं बिनचूक कसं जमवलंत? मला शिकवा."

तांबटाने हातोडी बाजूला ठेवली. म्हणाला, "ते शिकू नका. मदतीला येईल त्याला काम द्या, आणि दिलं की मागे वळून बघू नका. भूक लागेल तेव्हा जेवा, झोप येईल तेव्हा झोपा. लेक म्हणाली 'बोलायचंय', तर हातातलं काम तिथल्या तिथे टाका. आणि मंगलाष्टकं सुरू झाली, की गावाला आग लागली तरी तिच्या पाठीशी उभे राहा."

विणकराने ऐकलं. त्याच्या मांडवाचे दोन खांब कलले. शेवटच्या पंगतीला जिलबी पुरली नाही. दोघेजण रुसून गेले, आणि भूक लागली तेव्हा आपले आपण परत आले. लोकांनी नावं ठेवली आणि आठवड्याभरात दुसऱ्या विषयावर बोलू लागले.

पण अंतरपाट दूर झाला तेव्हा विणकर लेकीच्या पाठीशी उभा होता. तिने वळून पाहिलं आणि बाप तिला दिसला. दोघं एकदमच रडायला लागले, एकदमच हसले.

गर्दीत मागे तांबट उभा होता. "सावधान" म्हणताच सगळ्यांनी अक्षता टाकल्या होत्या. त्याला मात्र डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं काही दिसलं नव्हतं. माणसं जेवायला गेली, मांडव रिकामा झाला, तरी तो तिथेच होता, आणि त्याच्या अक्षता त्याच्या मुठीतच राहिल्या होत्या.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: कार्यात राहिलेलं उणं लोक आठ दिवसांत विसरतात, पण आपल्या माणसाजवळ बसायचं राहून गेलं तर ते जन्मभर भरून निघत नाही.