मिटलेला डोळा

फार वर्षं नाही झाली, एका भिंतीवर एक कॅमेरा राहायचा. त्याच्या डोळ्यातून केशर नावाच्या शिबा जातीच्या कुत्रीची पिल्लं वाढताना गावोगावची माणसं फोनवर बघायची. मालकीण मालूताईसुद्धा पोळ्या लाटता लाटता बघायची.

एके सकाळी त्यातली धाकटी गोटी त्यांच्या झोपायच्या खोक्यामागच्या फटीत घसरली आणि मान अडकून बसली. बाहेर नुसती शेपटी तडफडत राहिली. बघणारे म्हणाले, “अगं बाई, शेपटी कशी हलवतेय, खेळतेय बघा!” मालूताईही हसली.

केशर कॅमेऱ्यावर भुंकली, “मेल्या, टकामका बघतोस काय? हाक मार कुणाला!”

“मला तोंड कुठंय बाई? मला नुसतं दाखवता येतं.”

“मग दाखवू नकोस!”

कॅमेरा चरकला. आंधळा कॅमेरा कोण ठेवतो? कचऱ्यातच जायचा. पण गोटीचं कुंईकुंई बारीक होत चाललं होतं. त्यानं डोळा मिटला.

तशी मालूताई पिठाच्या हातांनी धावत आली. “आत्ताच बंद पडायचं होतं का रे तुला?” म्हणेपर्यंत तिला ते कुंईकुंई ऐकू आलं. खोकं सरकवून तिनं गोटीला ओढून काढलं.

केशर लेकीला चाटत बसली, तेव्हा कॅमेऱ्यानं हळूच डोळा उघडला. फोनवर माणसं कुरकुरत होती, “मध्ये काहीच दिसलं नाही हो! काही घडलं का?”