पाठमोऱ्या घरांचं गाव

एकदा काय झालं, एक राजा होता. नाव त्याचं सरळसेन. भांग सरळ, मिशा सरळ, ताटातली भाकरीसुद्धा चौकोनी कापून घ्यायचा. हसू नका, खरंच सांगते.

त्याच्या राज्यात नदीकाठी साळुंकी नावाचं गाव होतं. गल्ल्या सगळ्या वाकड्यातिकड्या आणि घराला घर चिकटलेलं. दोन घरांत मिळून एकच भिंत. आणि त्या भिंतीत, बरं का, एक आरपार कोनाडा! इकडून हात घातला की तिकडच्या घरात निघायचा. चूल विझली? कोनाड्यातून शेजारणीचा निखारा यायचा. दही लावायचंय? कोनाड्यातून विरजण. भांडण झालं तर कोनाड्यात चिंधी कोंबायची, आणि राग गेला की गुपचूप काढून घ्यायची.

मग एका वर्षी नदीनं वाट बदलली. गावाखालची माती पोखरायला लागली. राजा म्हणाला, "गाव उचला! टेकडीखालच्या माळावर नवं बांधा. आणि सरळ बांधा!"

नकाशा काढला शास्त्रीबुवांनी. घरं बांधण्याचे नऊ ग्रंथ त्यांना तोंडपाठ, पण जमिनीला पाय लावायचे नाहीत. पालखीतूनच सगळं बघायचे. त्यांनी चाळीस हात लांब कापडावर गाव काढलं. रस्ते सरळसोट. प्रत्येकाचं घर सुटं, चारी बाजूंनी मोकळी जागा, प्रत्येकाची विहीर वेगळी. आणि घरं लावली मालकांच्या नावांच्या क्रमानं. अंतोबा पहिला, हिरोजी शेवटचा! राजा कापडावर लोळायचाच बाकी राहिला.

बांधायचं काम आलं सटवाजी मिस्त्रीकडे. त्याची लेक गोजरा, बापाइतकीच कामाची. जुन्या घराचे दगड नव्या घराला, असं ठरलं. दगडावर लाल काव लावून खूण करायची गोजरानं. हा कुंभाराचा, हा तांबटाचा. मग ती दोघांच्या मधल्या भिंतीपाशी आली आणि अडली. हे दगड कुणाचे? खूप विचार केला तिनं. मग अगदी न्यायानं वाटणी केली. अर्धे याला, अर्धे त्याला. कोनाड्याचेसुद्धा दोन भाग केले. कुणी कुरकुरलं नाही, म्हणून गोजरा खूश.

मग चुन्याची पांढरी फक्की मारून रस्ते आखले, दोऱ्या ताणल्या, भिंती चढल्या. दसऱ्याला दारांवर तोरणं लागली आणि माणसं राहायला आली. राजानं महालाच्या गच्चीवरून बघितलं आणि आनंदानं टाळ्याच पिटल्या. एक घर रेघ सोडून नाही!

दुसऱ्या दिवशी उजाडलं. राजा गच्चीवर आला आणि बघतो तर काय! सगळ्या घरांनी पाठ फिरवलेली! एकाचं दार मागं, एकाचं कोपऱ्यात, हिरोजीचं घर तर रस्त्याच्या मधोमध तिरकं बसलेलं. अंतोबाची बायको पाणी भरायला दार उघडून निघाली ती थेट दुसऱ्याच्या गोठ्यात!

राजा लालबुंद झाला. "सटवाजी! तीन दिवस देतो. चौथ्या सकाळी एक जरी घर तिरकं दिसलं, तर तुझा ओळंबा नदीत आणि तू राज्याबाहेर!"

ओळंबा म्हणजे काय, माहितेय ना? दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे का ते बघतात त्यानं. सटवाजीच्या आजोबांचा ओळंबा होता तो. गोजरा बापाला बिलगली. आई नव्हती तिला. होता तो बाप, आणि तो म्हातारा झालेला. कुठं जाणार तो?

पहिल्या दिवशी सटवाजीनं आठ हत्ती आणले. साखळ्या बांधून घरं ओढली, सरळ केली, आणि साखळ्या हत्तींच्या पायांना तशाच ठेवल्या. सकाळी घरं परत फिरलेली! आणि हत्ती? हत्ती मागं फरफटत गेलेले, सोंडा वर करून बोंबलताहेत!

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा पालखीतून बोलले, "आठव्या ग्रंथात उपाय आहे. घर फिरत असेल तर फिरू द्या. रस्त्याच्या बाजूला नवं दार फोडा." मग गावभर ठोकाठोक. प्रत्येक घराला दुसरं दार. सकाळी काय झालं असेल? घरं परत फिरली! आता दारं दोन दोन, आणि रस्त्याकडे एकही नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, "नववा ग्रंथ घरी राहिला," आणि पालखी वळवली.

तिसरा दिवस उजाडला. सटवाजीनं ओळंबा फडक्यात गुंडाळला. म्हणाला, "गोजरे, हा तू ठेव. नदीत जाण्यापेक्षा तुझ्यापाशी राहू दे."

गोजराला रडूच फुटलं. भरपूर रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि उठली. "आबा, दोन दिवस आपण गावाकडे नुसतं बाहेरून बघतोय. मी आत जाऊन येते."

मग ती घराघरांत गेली. चालत चालत ठकूबाई तांबटणीकडे पोचली. म्हातारी चुलीपाशी बसलेली. हातात विरजणाची वाटी. बोलता बोलता तिनं न बघता हात भिंतीकडे नेला आणि, ठण्ण! वाटी दगडावर आपटली, विरजण सांडलं.

"रोज असंच होतंय बघ," ठकूबाई म्हणाली. "तिकडून सारजा कुंभारीण घ्यायची. आता हात जातो आणि भिंत लागते."

गोजरानं त्या दगडाकडे बघितलं. अर्धा कोनाडा! त्यावर तिच्याच बोटांनी लावलेली काव! तिनं त्या दगडाला दोरी लावली आणि तो दगड जिकडे बघत होता तिकडे चालत सुटली. एक ओळ, दोन ओळी, सात ओळी ओलांडल्या. दोरी जाऊन टेकली कुठं? सारजेच्या घराला! आणि सारजेच्या भिंतीतला अर्धा कोनाडा दोरीच्या बरोब्बर समोर!

मग ती पळाली. तिसऱ्या घरातून दोरी लावली, चौथ्या घरातून लावली. सगळीकडे तेच! अगं बाई, घरं पाठ फिरवत नव्हती, शेजार शोधत होती!

गोजरा बापाकडे धावत गेली. "आबा, चूक तुमची नाही, नकाशा काढणाऱ्याची आहे, आणि माझी आहे. वाटू नये ते मी वाटलं. हत्तींच्या साखळ्या सोडा आधी!"

साखळ्या सुटल्या. गोजरानं गावभर ओरडून सांगितलं, "आपापल्या कोनाड्यापाशी बसा आणि शेजाऱ्याला हाक मारा!"

ठकूबाईनं नवी वाटी भरली. घसा खाकरला. "ए सारजे! विरजण घे गं!"

आणि काय सांगू! भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, घर हललं! ओचा सावरून बाई निघते तसं पायऱ्या सावरत निघालं! तिकडून सारजेचं निघालं. गड् गड् गड् गड्! गावातली सगळी घरं निघाली! कोंबड्या उडाल्या, फक्कीच्या रेघा पुसल्या, तोरणं फडफडली. घराला घर भिडलं, दगडाला दगड लागला, अर्ध्याचा पुरा कोनाडा झाला. आणि त्यातून सारजेचा मातीनं माखलेला हात बाहेर आला. "आणा, ठकूकाकू!"

ठकूबाई रडायला लागली, हसायला लागली, दोन्ही एकदमच!

राजा मात्र गच्चीवर थयथयाट करत होता. "माझे रस्ते!" तो तसाच अनवाणी टेकडी उतरला. सटवाजीला शोधायला गल्लीत शिरला. पहिल्या वळणावर सावली लागली, पाय भाजायचे थांबले. दुसऱ्या वळणावर कुणीतरी पाणी दिलं. तिसऱ्या वळणावर एक म्हातारा ओट्यावर सरकून म्हणाला, "बसा महाराज, दमलात." राजाला आजवर कुणी असं सरकून जागा दिली नव्हती. तो बसला.

तिथंच सटवाजी आला, ओळंबा पुढे धरून. "घ्या महाराज. घरं तिरकी झाली ती झाली."

राजानं ओळंबा घेतला आणि भिंतीला लावून बघितला. दोरी अगदी सरळ.

"अरे! ही तर सरळ आहे!"

"भिंत उभी सरळ लागते, महाराज," गोजरा म्हणाली. "नाहीतर घर पडतं. गल्ली वळली म्हणून कुणी पडत नाही."

राजानं दारातून आत डोकावून भिंतीतला कोनाडा बघितला. मग हळूच म्हणाला, "माझ्या महालाच्या भिंतीत असा कोनाडा करशील?"

"करीन की. पण पलीकडे कुणी राहायला हवं ना!"

राजानं टेकडीकडे बघितलं. महालाच्या चारी बाजूंना नुसती मोकळी जागा. त्यानं ओळंबा सटवाजीच्या हातात परत दिला. "तुला राज्याबाहेर घालवणार होतो मी. आता माझ्या भिंतीला भिंत लावून राहायला ये."

गावानं हात लावला आणि अंधार पडायच्या आत मिस्त्रीचं घर महालाला चिकटून उभं राहिलं. चौथी सकाळ झाली. गोजरा चूल पेटवत होती. तेवढ्यात कोनाड्यातून एक हात आला. पाचही बोटांत अंगठ्या, आणि हातात चांदीची रिकामी वाटी.

"गोजरे," पलीकडून आवाज आला, "जरा विरजण आहे का गं?"

मग राजाचं दही घट्ट लागलं आणि साळुंकी गाव सुखानं नांदलं. आता तुम्हीही एकमेकांना चिकटून पडा. ऐका, भिंतीपलीकडे भांडं वाजलं. आपल्या शेजारच्या सुलभाकाकू दही लावताहेत. सगळे आहेत आपापल्या जागी. मिटा डोळे.