म्हाळूचा उलगडा

फार वर्षांमागं, तांबखडीला अजून धड गाडीवाटही झाली नव्हती, तेव्हा त्या गावात म्हाळू नावाचा पैलवान होऊन गेला. घर मेंढरं राखणाऱ्याचं. बापामागं रानोमाळ हिंडता हिंडता तो अंगानं असा भरला, की ओढ्याच्या चिखलात रुतलेला रेडा त्यानं एकट्यानं खांद्यावर घेऊन वर काढला, असं म्हणतात. तो शड्डू ठोकायचा तेव्हा समोरच्या डोंगरातून आवाज माघारी यायचा आणि वडावरची वटवाघळं भर दुपारी जागी व्हायची, असंही म्हणतात.

म्हाळू कधी हरला नव्हता. त्याची कुस्ती म्हणजे बघणाऱ्यानं पान हातात घ्यावं, आणि चुना लावून होईतो समोरचा आडवा. त्याच्या जोरावर तांबखडीची माणसं बाजारात परगावच्यांशी मान वर करून बोलत. दौलू वस्तादानं त्याला तालमीत घडवला होता. तो म्हातारा मधूनच म्हणायचा, “ह्यो कधी पडलाच न्हाई.” लोकांना वाटायचं, चेल्याची तारीफ करतोय. पण तसं म्हणताना वस्तादाच्या कपाळाला आठी असायची.

एका साली भैरोबाच्या जत्रेला नदीपलीकडनं, कानडी मुलखाच्या बाजूनं, रामण्णा नावाचा गडी आला. अंगानं वाळलेल्या उसासारखा. त्याला बघून पोरंसोरंही हसली. सलामी झाली, म्हाळूनं नेहमीसारखा डावा पाय पुढं टाकला. पुढं काय झालं ते कुणालाच नीट दिसलं नाही. म्हाळूलाही नाही. कुस्तीच्या हौद्याच्या कडेचा लिंब त्याला उलटा दिसला, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपण उताणे पडलो आहोत.

गाव मुकाट्यानं घरी गेलं. मग तोंडं सुटली. कुणी म्हणालं करणी झाली, कुणी म्हणालं देवाचा कोप, कुणी म्हणालं, पैलवानानं लग्न केलं तिथंच बळ गेलं. काल वाटेत थांबून रामराम घालणारी माणसं आज बांधावरनं वाट वाकडी करून जाऊ लागली. पाटील स्वतः दारात येऊन सांगून गेला, की आता गावाच्या नावानं हौद्यात उतरू नकोस. एकदा हरलास ते लोक विसरतील, पुन्हा हरलास तर गावाला तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

म्हाळूनं अंथरूण धरलं. अंगाला कुठं लागलं नव्हतं. पण डोळे मिटले की तो हौदा दिसायचा, तो पुढं टाकलेला पाय दिसायचा, आणि त्यानंतर एकदम लिंब. मधलं काहीच दिसायचं नाही. आपलं बळ गेलं की काय, हा विचार त्याला सोडत नव्हता. त्याची बायको ठकू काही दिवस एकटीच म्हशीचं बघत राहिली. मग एका सकाळी विळा त्याच्या उशाशी ठेवून म्हणाली, “तुमी हरलाय ते म्हशीला ठावं न्हाई. तिला वैरण पायजे.”

म्हाळू उठला. वैरण टाकली आणि तसाच तालमीत वस्तादाकडं गेला. मी कसा पडलो, एवढंच त्यानं विचारलं.

“मलाबी दिसलं न्हाई,” वस्ताद म्हणाला. “ज्यानं पाडलं त्यालाच इचार.”

असं आजवर कुणी केलं नव्हतं. हरलेला पैलवान लंगोट खुंटीला टांगायचा, नाहीतर मनात डूख धरून बसायचा. जिंकणाऱ्याच्या दारात विचारायला कोण जातो? पण म्हाळू नदी उतरून गेला. रामण्णा गुऱ्हाळावर चुलाण्यात चिपाडं सारत होता. म्हाळूला बघून तो सावध उभा राहिला. म्हाळूनं पटका काढून खाली ठेवला आणि म्हणाला, “मला कसा पाडलास, ते दाव.”

रामण्णानं हातातलं चिपाड खाली टाकलं. “हरलेले लई आले माझ्याकडं भांडायला,” तो म्हणाला. “इचारायला तू पयला.”

मग त्यानं दाखवलं. म्हाळूचा पुढं टाकलेला पाय बाहेरून पायात अडकवायचा आणि त्याचंच वजन त्याच्यावर फिरवायचं. साधी टांग. रामण्णानं त्याला सांगितलं, की तुला कधी कुणी ढकललंच नाही, मग तोल सांभाळायची सवय तुला कुठनं लागणार? म्हाळू तिथंच राहिला. ठकूही म्हैस घेऊन नदीपलीकडं आली. दिवसा गुऱ्हाळाचं काम आणि संध्याकाळी पडायचं. तो इतक्यांदा पडला, की रामण्णाच्या हौद्यात त्याच्या पाठीचा ठसा उमटला. पावसाळ्यात त्यात पाणी साठायचं आणि चिमण्या अंघोळीला यायच्या, असं म्हणतात.

पुढच्या जत्रेला दोघं एकाच वाटेनं तांबखडीत आले. रामण्णापुढं उतरायला गावातला एकही गडी तयार नव्हता. म्हाळू पुढं झाला. पाटलानं आडवा हात घालून सांगितलं, की तांबखडीच्या नावानं तुला उतरता येणार नाही.

“मग नुसता म्हाळू म्हणून उतरतो,” तो म्हणाला.

ती कुस्ती बघायला सूर्य डोंगरावर टेकला आणि तिथंच थांबला, असं म्हणतात. आसपासच्या गावांत दिवेलागण झाली तरी तांबखडीत ऊन होतं. हौद्यातली माती अशी उडाली, की रानातनं परतलेली पांढरी जनावरं तांबडी होऊन गोठ्यात गेली. शेवटी रामण्णानं तीच टांग घातली. पण पाय तिथं नव्हता. म्हाळूनं रिकाम्या गेलेल्या टांगेसकट त्याला उचलला आणि मातीत उताणा ठेवला.

गाव उसळलं. पाटील स्वतः फेटा घेऊन धावला. पण म्हाळू मातीत रामण्णाजवळ बसला होता.

“कळलं का?” त्यानं विचारलं.

“न्हाई,” रामण्णा म्हणाला. “दाव.”

म्हाळूनं त्याला हात देऊन उठवलं आणि सगळ्यांदेखत तोच डाव पुन्हा केला, सावकाश, पहिल्या पावलापासून. उठलेली माणसं परत खाली बसली. पाटील हातात फेटा धरून बघत राहिला.

त्यानंतर म्हाळू पुष्कळ वर्षं लढला, आणि हरलाही. हरला की पाडणाऱ्याच्या गावी चालत जायचा. म्हातारपणी त्याला ठाऊक नाही असा डाव नदीच्या दोन्ही काठांना उरला नव्हता, असं म्हणतात. तो जिंकला किती, ते मात्र आज कुणालाच सांगता येत नाही.

तांबखडीच्या जत्रेत अजून कुस्ती चितपट झाली म्हणून संपत नाही. जिंकणारा हरलेल्याला हात देऊन उठवतो आणि ज्या डावानं पाडलं तो सावकाश उलगडून दाखवतो. हलगीवालाही तेवढा वेळ हात आखडता घेऊन वाजवतो. त्याला म्हाळूचा उलगडा म्हणतात. तो केल्याशिवाय फेटा मिळत नाही, मग गडी कितीही नावाजलेला असो. आणि पडलेला “कळलं” म्हणेपर्यंत हौद्याभोवतीचं एकही माणूस जागचं उठत नाही.