साठ पानांची पोथी

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा पुस्तकं छापत नसत, हाताने उतरून काढत. आणि एकेक पोथी चार घरं फिरून मग पाचव्याच्या हाती यायची.

नदीकाठच्या एका नगरात दरवर्षी सुगी आटोपली की जुन्या पोथ्यांचा बाजार भरे. त्या बाजाराचा एक नियम होता. पोथी विकण्याआधी गिऱ्हाइकासमोर तिची पानं मोजायची. पुरी भरली तर पुरा भाव. एक जरी पान कमी निघालं तरी चौथाई भाव. तुम्ही म्हणाल, एका पानासाठी एवढी सूट? पण बाजाराची पत अशाच नियमांवर उभी असते. दुकान चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर डोंगरात एक धनगरवाडी होती. त्या वर्षी वाडीतल्या मेंढ्यांना रोग लागला. तोंडाला फेस यायचा, पाय लटपटायचे आणि तिसऱ्या दिवशी जनावर आडवं व्हायचं. वाडीचा कारभार एक वयस्क बाई पाहत असे. मेंढ्यांच्या औषधांची एक पोथी असते, एवढं तिने ऐकलं होतं. घरोघर फिरून तिने चांदीची वीस नाणी गोळा केली आणि घोंगडीवाल्याला बोलावलं. त्याला वाचता येत होतं, आणि सौदा करण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"भाऊ, घासाघीस करत बसू नकोस," कारभारीण म्हणाली. "पोथी घे आणि पळत ये."

"काकी, पोथीही आणतो आणि पैसेही परत आणतो. बघाच तुम्ही!"

घोंगडीवाला उजाडता निघाला. बाजारात पोचला तो थेट कामालाच लागला. एक दुकान सोडलं नाही. ढिगारे उपसले, बासनं सोडली, धूळ नाकात गेली, शिंकून शिंकून डोळे लाल झाले. "नाही" म्हणणाऱ्या दुकानदाराचाही ढीग त्याने तळापर्यंत पाहिला. शेवटी अकराव्या दुकानात, एका म्हातारीच्या फळीवर, त्याला हवी ती पोथी सापडली. त्याने पानं चाळली. फेस, लटपट, तिसरा दिवस. सगळं एका पानावर होतं आणि खाली औषधही लिहिलेलं.

त्याने चेहरा पाडला. आमच्या धंद्यात असा पडलेला चेहरा दिसला की ओळखावं, गिऱ्हाईक आतून नाचतंय.

"आजी, हे जुनं बाड कितीला?"

"वीस नाणी."

"वीस? वाळवीनेसुद्धा तोंड लावलं नाही याला, आणि तुम्ही वीस सांगता!"

"वाळवीला वाचता येत नाही रे बाबा. तुला येतं ना? मग वीस."

घोंगडीवाल्याने दहा सांगितले, बारा सांगितले, उठून चार पावलं गेला, परत आला. म्हातारी वीसवरून हलेना. इतक्यात शेजारच्या दुकानदाराने तिला हाक मारली आणि ती वळली. घोंगडीवाल्याचं बोट अजून त्याच पानावर होतं. त्याच्या मनात आलं, 'हे पान आपल्यापाशी राहिलं म्हणजे झालं. घरी गेल्यावर परत लावू.' त्याने पान ओढलं, घडी घातली आणि कमरेला धोतरात खोचलं.

"मोजा आजी. वीस तर वीस."

म्हातारीने मोजलं. पुन्हा मोजलं. "साठच भरतात," ती म्हणाली. "एकसष्ट होती रे. काल मी स्वतः मोजली." मग तिनेच पोथी पुढे सरकवली. "नियम तो नियम. पाच दे. पान इथेच कुठे पडलं असेल. सापडलं तर राखून ठेवीन, येऊन फुकट घेऊन जा."

घोंगडीवाल्याला जरा बोचलं. पण कनवटीला पंधरा नाणी वाजत होती. भर उन्हात, पोथी काखेत मारून, तो डोंगर जवळजवळ पळतच चढला.

वाडीत सगळे वाट पाहत होते. त्याने ऐटीत नाणी कारभारणीपुढे ठेवली आणि कमरेचं पान काढलं. पान घामाने भिजून चिकटलं होतं. ते उलगडलं. शाई काजळाची. औषधाच्या तीन मुळ्यांची नावं कशीबशी दिसत होती, पण कोणती किती घ्यायची, तिथे नुसते काळे ओघळ. शेवटची एकच ओळ स्वच्छ राहिली होती: मात्रा चुकल्यास जनावर दगावते.

"अंदाजाने देऊ," कोणीतरी म्हणालं.

"कोणाच्या मेंढीला देऊ?" कारभारणीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी घोंगडीवाला पुन्हा म्हातारीपुढे उभा होता. "आजी, पान पडलं नव्हतं. मी चोरलं."

म्हातारीने नखांत माती भरलेले आपले हात पुढे केले. "काल दिवस मावळेपर्यंत मी दुकानाखालची माती चाळली रे."

त्याने मान खाली घातली, बटव्यातून वीस नाणी काढली. स्वतःच्या घोंगड्यांची. "सगळी घ्या. पण याची दुसरी प्रत कुठे आहे, सांगा."

तिने पंधरा उचलली, पाच परत केली. "तुझी पाच आधीच आली आहेत. दोन घाट ओलांडून एक पशुवैद्य राहतो. त्याच्याकडे आहे. जा, इथे रडू नकोस."

तो गेला. पायांना फोड आले, तरी थांबला नाही. दोन दिवस जायला लागले. वैद्याच्या दारात बसून त्याने ते पान उतरवून घेतलं, पाठ केलं, आणि वैद्यापुढे तीनदा म्हणून दाखवलं. परतायला आणखी दोन दिवस. औषध अगदी बरोबर निघालं. त्यानंतर एकही मेंढी दगावली नाही. पण तोवर दोनशेंपैकी ऐंशीच उरल्या होत्या.

कारभारणीने ती वाचवलेली पंधरा नाणी जपून ठेवली होती. तिने ती घोंगडीवाल्याच्या ओंजळीत ओतली.

"घे भाऊ. आता यांत एकशे वीस मेंढ्या आणून दाखव. घासाघीस करण्यात तुझा हात कोण धरणार?"

त्या वर्षी वाडीत कोणी घोंगडीवाल्याला घोंगड्यांसाठी लोकर दिली नाही, आणि पुढची दोन वर्षं तो स्वतःच्या कमाईतून एकेक कोकरू विकत घेऊन लोकांच्या दारी बांधत राहिला.

बोध: जी वस्तू घ्यायची, तिचाच लचका तोडून केलेली बचत ही सर्वांत महाग खरेदी असते.