खडकशेपू

"आक्का, हाच ना खडकशेपू?"

प्राध्यापक माणिक ढोणेंनी ओल्या रुमालातून रोपटं काढून म्हातारीच्या तळव्यावर ठेवलं. वीतभर उंची, दोऱ्यासारखी पानं, जोंधळ्याच्या दाण्याएवढी पिवळी फुलं.

भागूआक्का नुसती बघत राहिली.

सूर्यफुलाचं कुळ अफाट. त्यात खडकशेपूचं घर लहान, मोजक्या भावंडांचं. उजाड माळावर, कातळाच्या भेगेत उगवणारं. पुस्तकांत त्याच्याविषयी चार ओळी. बाकी सगळं ढोणेंना या झाडपाल्याच्या म्हातारीनं शिकवलं होतं... अठरा पावसाळे, माळ तुडवत.

यंदा वनस्पतिशास्त्राच्या परिषदेत एकानं हटकलं. तुम्ही दाखवता ते रोप खडकशेपू नव्हेच, म्हणाला.

"मी चुकत नाही," ढोणे सगळ्यांदेखत म्हणाले होते. तेव्हापासून मन थाऱ्यावर नव्हतं.

"आक्का, नीट बघा ना. मी माणिक."

"आसशील बाबा. मी हितं नवी हाय."

सून चहा घेऊन बाहेर आली. "चैतापासनं आसंच हाय, सर. आमालाबी वळखत न्हाईत."

ती आत गेली. चहा निवत राहिला. पंचक्रोशीत हे झाड ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ढोणेंना एकदम खूप एकटं वाटलं.

...

म्हातारीनं एक पान चुरडलं. हुंगलं. मग बोटं ढोणेंच्या नाकापाशी नेली.

"कशाचा वास येतुया?"

"शेपूचा... पण मागून कडवट."

"मंग काय हाय ह्ये?"

ढोणे रोपट्यावर वाकले. खडकशेपू म्हणायची आता त्यांना खात्री वाटेना.

"कुणी शिकिवलं तुला?"

"एक बाई होत्या."

"हुत्या?"

"...आहेत."

"लई शान्या आसतील."

"हो."

"कदी चुकायच्या न्हाईत?"

ढोणेंनी मान खाली घातली. रुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"चुकायच्या. दर पावसाळ्यात एकदोनदा तरी."

"मंग काय करायच्या?"

"पुन्हा माळावर जायच्या. एकट्याच. दिवसभर बसायच्या झाडापाशी."

भागूआक्कानं रोपटं त्यांच्या रुमालात ठेवलं.

"मंग तू हितं काय करतुयास?"